मॉस्कोच्या झारशाहीचा उदय : खानांच्या फर्मानापासून मोनोमाखच्या टोपीपर्यंत

‘झार’ हा शब्द मराठी वाचकास परिचित आहे तो प्रामुख्याने १९१७ च्या रशियन क्रांतीच्या संदर्भात. जुलमी राजवटीला ‘झारशाही’ म्हणण्याची आपल्याकडे रीतच पडून गेली आहे. उर्दूत हा शब्द लिहिला की त्याची अक्षरे ‘ज़ार-ज़ार रोना’ या वाक्प्रचारातील ‘ज़ार’सारखीच दिसतात. दोन शब्दांचा परस्परांशी काडीचाही संबंध नाही. परंतु लिपीने जुळवून आणलेला हा योगायोग विद्यार्थ्यांच्या स्मरणात मात्र पक्का राहतो. मूळ शब्द रोमन ‘सीझर’पासून आलेला आहे. येथपर्यंतची माहिती बहुतेक पाठ्यपुस्तकांतून मिळते. मॉस्कोच्या राजांनी ही पदवी नेमकी कोणाकडून घेतली आणि ती धारण करण्यास त्यांना एवढा विलंब का लागला, हे प्रश्न मात्र सहसा विचारले जात नाहीत.

या प्रश्नांना महत्त्व आहे. रशियाच्या उदयाची जी कथा साधारणपणे वर्गात सांगितली जाते ती अशी : तेराव्या शतकात रानटी तातार आले, रशिया अडीचशे वर्षे त्यांच्या जोखडाखाली राहिला, अखेर धर्मनिष्ठ मॉस्कोने ते जोखड झुगारले आणि झारांचे राज्य सुरू झाले. ख्रिस्ती विरुद्ध मुसलमान, सुसंस्कृत विरुद्ध रानटी अशी सरळ विभागणी या कथेत आहे. सरळपणा हाच तिचा दोष. प्रत्यक्ष घटनाक्रम पाहिला तर मॉस्कोला मोठे केले ते खानांनीच, असे दिसते. एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी रशियाचा पहिला मोठा राष्ट्रीय इतिहास लिहिणारा करामझिन हा स्वतः झारशाहीचा कट्टर पुरस्कर्ता होता, आणि त्यानेही मॉस्को आपल्या थोरवीसाठी खानांची ऋणी असल्याचे मान्य केले आहे.

मॉस्कोचा पहिला लेखी उल्लेख ११४७ सालचा आहे. त्या काळी ते एक किरकोळ ठाणे होते. कीव, व्लादिमीर, नोव्हगोरोद ही खरी नावाजलेली नगरे. चंगेजखानाचा नातू बातू याच्या सैन्याने १२३७ ते १२४० या काळात रशियन संस्थाने एकेक करून मोडली. १२३८ मध्ये मॉस्को जाळले, १२४० च्या डिसेंबरात कीव पडले. बातूने व्होल्गा नदीच्या खालच्या खोऱ्यात सराय येथे आपले ठाणे वसवले. या राज्याला पुढे ‘सुवर्ण ओर्दा’ असे नाव पडले. ‘ओर्दा’ म्हणजे लष्करी छावणी, आणि ज्या भाषेला आपण उर्दू म्हणतो तिचे नावही याच तुर्की शब्दापासून आलेले आहे. ‘सराय’ शब्दाचा प्रवासही गमतीचा आहे. मूळ अर्थ राजवाडा. मराठी-उर्दूत त्याची धर्मशाळा झाली आणि रशियन भाषेत तर तो गुरांच्या किंवा अडगळीच्या गोठ्यावर येऊन थांबला.

खानांनी रशियन प्रदेशावर स्वतः वस्ती करून राज्य केले नाही. जंगलाचा प्रदेश त्यांच्या घोड्यांच्या कामाचा नव्हता. त्यांना हवी होती खंडणी आणि ताबेदारी. रशियन राजांची घराणी जागच्या जागी राहिली. मात्र प्रत्येक राजाला गादीवर बसण्यापूर्वी खानाकडून ‘यार्लिक’, म्हणजे सनद, मिळवावी लागे. व्लादिमीरच्या ‘महाराजपदा’ची सनद ज्याच्याकडे तो सर्व राजांत श्रेष्ठ, आणि कालांतराने सर्वांची खंडणी गोळा करून सरायला पोहोचवण्याचा मक्ताही त्याच्याकडेच येऊ लागला. आपल्या वाचकांना हे समजण्यास अवघड जाऊ नये. १७१९ मध्ये मराठ्यांनी मोगल बादशाहाकडून चौथाई-सरदेशमुखीच्या सनदा मिळवल्या, तेव्हा मिळाला तो केवळ वसुलीचा हक्क नव्हता. त्या वसुलीच्या आधारे पुढे काय उभे राहिले हे सर्वश्रुत आहे.

धर्माच्या बाबतीत खानांचे धोरण काय होते? बातूचा भाऊ बर्के याने इस्लामचा स्वीकार केला होता, आणि त्याच्याच कारकिर्दीत, १२६१ मध्ये, खुद्द सराय येथे ऑर्थोडॉक्स चर्चचे बिशपपद स्थापन झाले. चर्चच्या जमिनी आणि पाद्री करांतून मुक्त असल्याच्या सनदा खानांनी दिल्या. त्या बदल्यात चर्चने खानाच्या आयुष्यासाठी प्रार्थना करावी, एवढीच अपेक्षा. उझबेक खानाच्या काळात (१३१३-१३४१) इस्लाम हा राज्याचा धर्म झाला, तरीही ही सवलत मोडली गेली नाही. इब्न बतूता सरायला गेला तो याच उझबेक खानाच्या काळात. पुढे तो दिल्लीला मुहम्मद तुघलकाच्या चाकरीत राहिला आणि दौलताबाद, होन्नावर असा फिरला. रशियन मठ सर्वांत धनाढ्य झाले ते तातारांच्या अमलात, ही वस्तुस्थिती ‘जोखडा’च्या कथेत सहसा येत नाही. दुसरी बाजूही तितकीच खरी आहे. खंडणी जड होती, वसुलीच्या स्वाऱ्यांत गावेच्या गावे उद्ध्वस्त होत आणि हजारो माणसे गुलाम म्हणून विकली जात. एकीकडची बाजू सांगताना दुसरीकडची गाळण्याचे कारण नाही.

मॉस्कोचे घराणे अलेक्सांद्र नेव्हस्कीचा धाकटा मुलगा दानील याचे. वडीलपणाच्या हिशेबात हे घराणे मागे होते आणि महाराजपदावर त्याचा हक्क दुबळा होता. त्वेरचे घराणे त्याच्यापुढे होते. म्हणून मॉस्कोला खानाच्या मर्जीवाचून गत्यंतर नव्हते, आणि नेमकी हीच दुर्बलता पुढे त्याच्या उपयोगी पडली. दानीलचा मुलगा युरी याने उझबेक खानाच्या बहिणीशी लग्न केले आणि सनद मिळवली. त्वेरचा राजा मिखाईल १३१८ मध्ये ओर्दात मारला गेला. त्याच्या मुलाने १३२५ मध्ये तेथेच युरीचा खून करून सूड घेतला आणि खानाने त्यालाही देहदंड दिला. दोन ख्रिस्ती घराण्यांचे हे भांडण एका मुसलमान बादशाहाच्या दरबारात, त्याच्याच न्यायाने चालले होते.

युरीचा भाऊ पहिला इव्हान (१३२५-१३४०) इतिहासात ‘कलिता’ म्हणून ओळखला जातो. कलिता म्हणजे पैशाची थैली. १३२७ मध्ये त्वेरच्या लोकांनी खानाच्या अधिकाऱ्याविरुद्ध उठाव केला आणि त्याला माणसांसह ठार मारले. तो उठाव चिरडण्यासाठी जे तातारी सैन्य आले त्याच्याबरोबर इव्हान कलिता होता. त्वेर बेचिराख झाले. महाराजपद काही वर्षांतच मॉस्कोकडे आले आणि वसुलीचा मक्ताही. वसूल झालेले सर्व सरायला पोहोचत होते की नाही, हे त्याच्या टोपणनावावरूनच समजावे. याच सुमारास रशियन चर्चचा प्रमुख, मेट्रोपॉलिटन पीटर, मॉस्कोस येऊन राहिला व १३२६ मध्ये तेथेच वारला. खानाची सनद आणि चर्चची गादी या दोन्ही गोष्टी एका ठिकाणी आल्या, तेव्हा मॉस्कोचे भवितव्य बव्हंशी ठरून गेले.

१३८० मध्ये कलिताचा नातू दिमित्री याने कुलिकोव्हो येथे ममाईचा पराभव केला. हा विजय रशियन राष्ट्राभिमानाचा मानबिंदू झाला आहे. तथापि ममाई हा चंगेजच्या वंशातला नव्हता. खान होण्याचा त्याला अधिकारच नव्हता. तो सत्ता बळकावलेला अमीर होता. दोनच वर्षांनी खरा वंशज तोख्तमिश आला, त्याने मॉस्को जाळले आणि दिमित्री पुन्हा खंडणी देऊ लागला. त्याच्या नाण्यांवर तोख्तमिशचे नाव अरबी लिपीत दिसते. एका बाजूला रशियन अक्षरे आणि दुसऱ्या बाजूला ‘सुलतान’ अशी ही नाणी आहेत. ग्वाल्हेर, इंदूर, बडोद्याच्या टांकसाळींतून शाहआलमच्या नावाची नाणी किती दीर्घकाळ निघत होती, हे ज्यांनी पाहिले आहे त्यांना यात नवल वाटणार नाही. सार्वभौमत्व हातून गेल्यावरही नाव बराच काळ टिकून राहते.

ओर्दाचा कणा मोडला तो मॉस्कोने नव्हे, तैमूरने. १३९५ मध्ये त्याने तोख्तमिशचा पराभव करून सराय उद्ध्वस्त केले. तीनच वर्षांनी हाच तैमूर दिल्लीत होता. व्होल्गाच्या व्यापाराची वाट मोडली आणि पंधराव्या शतकात ओर्दाचे तुकडे झाले : कझान, क्रिमिया, आस्त्राखान, सैबेरिया, नोगाई टोळ्या, आणि मधोमध उरलेली ‘महाओर्दा’. मॉस्को या तुकड्यांपैकीच एक होते, असेही म्हणता येईल.

हे विधान अतिशयोक्त वाटत असेल तर कासिमोवचे उदाहरण पाहावे. मॉस्कोचा राजा दुसरा वासिली १४४५ मध्ये कझानच्या तातारांच्या हाती सापडला व खंडणी देऊन सुटला. पुढल्याच वर्षी त्याच्या चुलतभावाने त्याचे डोळे काढले. या आंधळ्या राजाला गादी परत मिळवून देणाऱ्यांत कझानच्या खानाचा एक पुत्र कासिम हाही होता. १४५२ च्या सुमारास वासिलीने त्याला ओका नदीकाठचे एक नगर तोडून दिले. मॉस्कोच्या आश्रयाने, मॉस्कोच्या प्रदेशात, मुसलमान खानाची एक गादी तेथे स्थापन झाली आणि ती १६८१ पर्यंत टिकली. मशीद, मिनार, खानाचा दरबार हे सर्व तेथे होते. तेथील शाह अली खानाची १५५५ सालची कबर आजही उभी आहे. मॉस्कोच्या सैन्यात या तातारांची पथके नियमितपणे लढत, आणि ती ख्रिस्ती नोव्हगोरोद व लिथुआनियाविरुद्धही लढली.

तिसरा इव्हान (१४६२-१५०५) हा या घडणीतील सर्वांत कर्तबगार राजा. मारकुटेपणाने पुढे त्याचा नातू अधिक प्रसिद्ध झाला, पण राज्य बांधले ते आजोबाने. १४७८ मध्ये त्याने नोव्हगोरोद खालसा केले. नोव्हगोरोद हे व्यापारी प्रजासत्ताक होते; तेथे राजाला नेमण्याचा व हाकलण्याचा अधिकार नगरसभेकडे होता. सभा बोलावण्याची घंटा इव्हानने उतरवून मॉस्कोला नेली. तेथील जमीनदारांना हुसकावून त्या जमिनी त्याने आपल्या शिपाईप्यादांना चाकरीच्या अटीवर वाटल्या. चाकरी असेतोवर जमीन, चाकरी सुटली की जमीन परत, अशी ही पद्धत होती. तिला ‘पोमेस्त्ये’ म्हणत. दिल्लीच्या सुलतानांची इक्ता किंवा मोगलांची जहागीर ज्यांना ठाऊक आहे त्यांना ही रचना ओळखीची वाटेल. काही अभ्यासकांनी तिचे मूळ इक्तापर्यंत नेलेही आहे. मात्र त्यावर एकमत नाही. १४९७ च्या कायदेसंहितेत शेतकऱ्याने मालकाची जमीन सोडून जाण्यासाठी वर्षातून एकच मुदत ठेवली गेली : २६ नोव्हेंबरच्या आधीचा आठवडा आणि नंतरचा आठवडा. चाकरी करणाऱ्या घोडेस्वाराला जमीन दिली तर ती कसणारी माणसे पळून जाता कामा नयेत, हे ओघानेच आले. रशियन शेतकऱ्याची पुढील साडेतीनशे वर्षांची गुलामी या दोन आठवड्यांतून उगवली, आणि झारांच्या उदयाचा विचार करताना हा हिशेब राजवाड्यांच्या वर्णनाइतकाच महत्त्वाचा आहे.

१४८० मध्ये महाओर्दाचा अहमद खान खंडणी वसूल करण्यासाठी आला. उग्रा नदीच्या दोन तीरांवर दोन्ही सैन्ये काही आठवडे एकमेकांकडे पाहत उभी राहिली. थंडी पडली, आणि मोठी लढाई न होताच अहमद परत फिरला. रशियन परंपरेत हाच ‘जोखड’ संपल्याचा क्षण मानला जातो. यात इव्हानचा दोस्त कोण होता? क्रिमियाचा मेंगली गिराय खान. महाओर्दा अखेर १५०२ मध्ये मोडली तीही याच मेंगली गिरायने. शिवाय क्रिमियाच्या खानांना मॉस्को ‘भेटी’ पाठवत राहिले, त्या १७०० सालापर्यंत. त्या भेटींना खंडणी म्हणायचे की नाही, हे ज्याने त्याने ठरवावे.

याच राजाच्या काळात एक रशियन व्यापारी महाराष्ट्रात आला होता. त्वेरचा अफानासी निकितीन होर्मुझहून एक घोडा घेऊन १४६९ च्या सुमारास चौलला उतरला. जुन्नरला बहामनी सरदार असद खान याने त्याचा घोडा जप्त केला आणि मुसलमान हो, तर घोडा देतो, अशी अट घातली. खुरासानच्या एका ख्वाजा मुहम्मदाने रदबदली करून त्याचा घोडाही सोडवला आणि धर्मही राखला. त्यानंतर निकितीन बिदरला राहिला, महमूद गवानचे वैभव त्याने पाहिले आणि १४७२ च्या सुमारास दाभोळहून परत निघाला. मायदेशी पोहोचण्यापूर्वीच स्मोलेन्स्कजवळ वारला. त्याच्या टिपणांत तुर्की, फारसी, अरबी शब्द व वाक्ये जागोजागी येतात आणि शेवट तर अरबी प्रार्थनेने होतो. तो धर्मांतरित झाला होता की नाही, याविषयी विद्वानांत अजूनही मतभेद आहेत. आपल्या विषयाच्या दृष्टीने त्याहून अर्थपूर्ण गोष्ट वेगळी आहे : व्होल्गाकाठच्या साध्या व्यापाऱ्याला ही भाषा अवगत होती. मॉस्को आणि बिदर यांच्या दरम्यान एक सलग तुर्की-फारसी व्यवहाराचे जग पसरलेले होते, आणि रशिया त्याच्या उत्तर टोकाला होता. रशियन भाषेतील ‘कझना’ हा आपला खजिना, ‘सुंदुक’ ही आपली संदूक, आणि ‘बझार’ तर सांगावयासही नको. जकातनाक्याला ‘तामोझ्न्या’ म्हणतात, तो शब्द तातारी ‘तमगा’ म्हणजे शिक्का यावरून आलेला आहे. रेवदंड्याला निकितीनच्या स्मरणार्थ २००२ मध्ये स्तंभ उभारला गेला आहे. कोकणातील महाविद्यालयांच्या सहली तेथे न्याव्यात असा तो आहे.

आता पदवीचा प्रश्न. रशियन ग्रंथांत ‘झार’ (त्यांच्या उच्चारात ‘त्सार’) ही संज्ञा दोन जणांसाठी वापरली जात होती. एक कॉन्स्टँटिनोपलचा बायझंटाइन सम्राट; त्या नगरालाच ते ‘त्सारग्राद’ म्हणत. दुसरा सरायचा खान. बखरीत ‘झार उझबेक’, ‘झार तोख्तमिश’ असेच येते. रशियन राजा हा ‘क्न्याझ’, फार तर ‘महाक्न्याझ’. म्हणजे झार तो, ज्याच्यावर दुसरा कोणी नाही. पंधराव्या शतकाच्या उत्तरार्धात हे दोन्ही झार नाहीसे झाले. १४५३ मध्ये कॉन्स्टँटिनोपल उस्मानी तुर्कांनी घेतले. १४८० मध्ये अहमद खान परत फिरला. दोन सिंहासने रिकामी झाली होती आणि मॉस्कोने दोन्हींवर हळूहळू दावा सांगितला.

बायझंटाइन दाव्याची बाजू अधिक प्रसिद्ध आहे. तिसऱ्या इव्हानने १४७२ मध्ये शेवटच्या बायझंटाइन सम्राटाची पुतणी सोफिया हिच्याशी विवाह केला. १४९७ च्या मोहोरेवर दोन डोक्यांचा गरुड आला. सोळाव्या शतकाच्या दुसऱ्या-तिसऱ्या दशकात प्स्कोवच्या फिलोफेई नावाच्या साधूने मॉस्को हे ‘तिसरे रोम’ असल्याचे पत्रांतून लिहिले. या पत्रांना पुढे अवास्तव महत्त्व प्राप्त झाले. तत्कालीन राजनीतीत त्यांचा प्रभाव फारसा आढळत नाही, आणि साधूचा रोखही राजाला साम्राज्यविस्ताराची प्रेरणा देण्यापेक्षा चर्चच्या मालमत्तेला हात लावू नकोस, हे बजावण्याकडे अधिक होता.

पदव्यांच्या बाबतीत मॉस्को किती सावध होते याचे एक उदाहरण हिंदुस्थानशी संबंधित आहे. तिसऱ्या वासिलीच्या अखेरच्या काळात, १५३२-३३ मध्ये, बाबराचा वकील ख्वाजा हुसेन मैत्रीचा प्रस्ताव घेऊन मॉस्कोला पोहोचला. बाबर १५३० मध्येच वारला होता. व्यापाराला मॉस्कोने होकार दिला, परंतु ‘बंधुत्वा’चा विषय टाळला, कारण हा बाबर स्वतंत्र बादशाह आहे की कोणाचा सुभेदार, हे त्यांना उमगले नव्हते.

वासिलीचा मुलगा चौथा इव्हान तीन वर्षांचा असताना, १५३३ मध्ये, गादीवर आला. त्याची आई येलेना ग्लिन्स्काया ही ज्या घराण्यातली, ते घराणे आपला वंश कुलिकोव्होच्या त्या ममाईपासून सांगत असे. १६ जानेवारी १५४७ रोजी क्रेमलिनमधील उस्पेन्स्की कॅथेड्रलमध्ये मेट्रोपॉलिटन मकारी याने त्याला ‘झार’ म्हणून अभिषेक केला. मॉस्कोचा राजा विधिपूर्वक झार झाला तो या दिवशी. इव्हान सोळा वर्षांचा होता. त्याच्या डोक्यावर ठेवण्यात आली ती ‘मोनोमाखची टोपी’ : सोन्याच्या नक्षीच्या पाकळ्या, रत्ने आणि खाली सेबलच्या लोकरीची किनार. अधिकृत कथेनुसार बायझंटाइन सम्राट कॉन्स्टँटाइन मोनोमाख याने ती कीवच्या व्लादिमीर मोनोमाखला पाठवली होती. सम्राट १०५५ मध्ये वारला तेव्हा व्लादिमीर अवघा दोन वर्षांचा होता, ही अडचण कथाकारांनी मनावर घेतली नाही. टोपीच्या सोनारकामाची तपासणी करणाऱ्या अनेक तज्ज्ञांच्या मते ती चौदाव्या शतकातील ओर्दाची किंवा मध्य आशियाई बनावटीची आहे, आणि उझबेक खानाने मॉस्कोच्या राजाला भेट दिली असण्याची शक्यता वर्तवली जाते. तसे असेल तर रशियाच्या ख्रिस्ती झारांनी पिढ्यानपिढ्या मिरवलेले राजचिन्ह मुळात खानाकडून मिळालेली खिलत ठरते.

पदवी घेतली, पण ती मानणार कोण? कॉन्स्टँटिनोपलच्या पॅट्रिआर्कची मान्यता १५६१ मध्ये आली. पोलंडने ती दीर्घकाळ नाकारली. या वादात इव्हानच्या वकिलांनी जो युक्तिवाद वापरला तो मार्मिक आहे : कझान व आस्त्राखान ही झारांची सिंहासने आहेत, ती आमच्या राजाने जिंकली, म्हणून तो झार.

कझान जिंकण्याचे प्रयत्न जुने होते. १४८७ पासून मॉस्को तेथे आपल्या पसंतीचा खान बसवत आले होते. कासिमोवचा शाह अली तेथे तीनदा बसवला गेला आणि तीनदा पायउतार झाला. कझानमधील सरदारांत मॉस्कोधार्जिणा व क्रिमियाधार्जिणा असे दोन गट होते, आणि फितुरीचे राजकारण दोन्ही बाजूंनी चाले. म्हणजे १५५२ पूर्वीचा झगडा दोन राज्यांतला आणि दोन गटांतला होता. धर्म त्यात होता, पण अग्रभागी नव्हता. मकारीच्या काळात भाषा बदलली. मोहीम ही काफिरांविरुद्धचे धर्मयुद्ध म्हणून मांडली गेली. १५५१ मध्ये कझानपासून जवळच स्वियाझ्स्क येथे किल्ला उभारला, तो असा : लाकडाचे बुरूज व भिंती शेकडो मैल वर, उग्लिचच्या जंगलात तयार केल्या, खुणा करून सुट्या केल्या, व्होल्गातून वाहत आणल्या आणि चार आठवड्यांत जोडल्या. १५५२ च्या ऑगस्टच्या अखेरीस वेढा पडला. सैन्याचा दीड लाख हा परंपरागत आकडा फुगवलेला असावा. परंतु तोफखाना मोठा होता आणि सुरुंग लावण्याचे तंत्र त्यांच्याकडे होते. आधी पाण्याची वाट उडवली. २ ऑक्टोबरला तट उडवला. शहरातील पुरुषांची कत्तल झाली, बायकामुले कैद झाली. मदरशातील आपल्या शिष्यांसह लढत कुल शरीफ हा धर्मगुरू पडला. शाह अली आणि त्याचे मुसलमान स्वार मात्र वेढ्याच्या बाहेरच्या बाजूला, झारच्या छावणीत होते.

मशिदी पाडल्या गेल्या. तातारांना तटाच्या आत राहण्यास मनाई झाली व त्यांची वस्ती बाहेर काबान सरोवराकाठी वसली. १५५५ मध्ये कझानला आर्चबिशप नेमला गेला. १५५६ मध्ये आस्त्राखान पडले आणि व्होल्गा उगमापासून मुखापर्यंत मॉस्कोची झाली. कझानच्या तातारांना पुन्हा दगडी मशिदी बांधता आल्या त्या दुसऱ्या कॅथरिनच्या काळात, दोन शतकांनंतर. कुल शरीफच्या नावाची मशीद क्रेमलिनच्या तटात २००५ मध्ये पुन्हा उभी राहिली. येथे एक भेद नीट लक्षात घ्यावयास हवा. ज्या काळात कझानमध्ये मशिदी पाडल्या जात होत्या, त्याच काळात कासिमोवमध्ये खानाच्या मशिदीत नमाज होत होती. झारांचे धोरण धर्मद्वेषाचे होते किंवा सहिष्णुतेचे होते, अशी एका शब्दात विल्हेवाट लावता येत नाही. जो सेवेत आला त्याला गादी, जो उभा ठाकला त्याला सुरुंग, हे सूत्र दोन्ही ठिकाणी लागू पडते; आणि ख्रिस्ती नोव्हगोरोदलाही तेच लागू पडले. १५७० मध्ये केवळ संशयावरून या झारने आपल्या ‘ओप्रिच्निकां’करवी त्या शहरात जी कत्तल करवली, तिला धर्माचे कोणतेही कारण नव्हते.

इव्हानची ही दहशतीची कारकीर्द (१५६५-१५७२), क्रिमियाच्या दौलत गिरायने १५७१ मध्ये जाळलेले मॉस्को, १५८१ मध्ये संतापाच्या भरात स्वतःच्या हातून झालेला थोरल्या मुलाचा मृत्यू, या गोष्टी सर्वत्र वाचावयास मिळतात. त्यामानाने १५७५ ची एक घटना कमी परिचित आहे. त्या वर्षी इव्हानने एकाएकी पदत्याग केला आणि ‘सर्व रशियाचा महाक्न्याझ’ म्हणून सिमेओन बेकबुलातोविच याला बसवले. हा सिमेओन म्हणजे कासिमोवचा माजी खान सैन बुलात. उग्रा नदीवरून परत गेलेल्या अहमद खानाचा पणतू. दोनच वर्षांपूर्वी त्याने बाप्तिस्मा घेतला होता. इव्हान त्याला अर्ज लिहू लागला आणि खाली स्वतःचे नाव क्षुद्रतादर्शक रूपात, ‘इव्हानेत्स’ असे घालू लागला. सुमारे वर्षभराने हा खेळ संपला. कोणी याला वेडसर थट्टा म्हणतात, कोणी कर वसुलीची युक्ती. कारण काहीही असो, थट्टेसाठीसुद्धा रशियाच्या गादीवर बसवण्यालायक माणूस म्हणून त्याला चंगेजचा वंशज सुचला. तातार रक्ताचा मान शतकानंतरही पुसला गेलेला नव्हता.

१५८४ मध्ये इव्हान वारला. १५९८ मध्ये त्याच्या मुलाबरोबर घराणे खुंटले, आणि पंधरा वर्षांच्या अंदाधुंदीनंतर १६१३ मध्ये रोमानोव्ह घराणे आले. पीटरने १७२१ मध्ये ‘इंपेराटोर’ ही पाश्चात्त्य पदवी घेतली आणि ‘झार’ हा शब्द अधिकृत व्यवहारात दुय्यम झाला, जरी लोकांच्या तोंडी तोच राहिला. मात्र १९१७ मध्ये पायउतार झालेल्या दुसऱ्या निकोलसची पूर्ण बिरुदावली वाचली तर हा शब्द तीत पुन्हा भेटतो. मॉस्को, कीव, व्लादिमीर, नोव्हगोरोद या नावांपुढे तो ‘इंपेराटोर’ आहे. आणि ‘झार’ आहे तो कझानचा, आस्त्राखानचा, सैबेरियाचा.